डेबिट कार्ड आणि पिन ओळखीच्या माणसाच्या हाती देण्याची सवय : नियम काय सांगतो आणि करायचे काय?

दूधसंस्था_सचिव (करवीर तालुका)

सर्वांना नमस्कार.

दहा दिवसांचे दूध बिल सभासदांच्या बँक खात्यात थेट जमा होऊ लागल्यापासून कार्डासंबंधीच्या तक्रारी आमच्या संस्थेच्या कार्यालयात सतत येतात. सचिव या नात्याने त्या मला ऐकाव्या लागतात. दूरवरच्या चोराने पैसे पळवले, अशा तक्रारी त्यांत थोड्या असतात. पुतण्याला, शेजारच्या मुलाला, दुकानदाराला किंवा रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला कार्ड दिले, पिन सांगितला आणि मग हिशोब जुळेना, अशा तक्रारी मात्र पुष्कळ असतात. त्यामुळे या धाग्यावर मुख्यतः याच एका प्रश्नाविषयी चर्चा व्हावी, अशी विनंती आहे.

बिल जमा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एटीएमच्या दारात थोडा वेळ उभे राहिले तरी हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. बँकेने कार्डाबरोबर दिलेले कागदाचे पाकीट पुष्कळ वयस्कर मंडळी जपून वापरतात आणि त्या पाकिटावरच निळ्या बॉलपेनने चार आकडे लिहिलेले असतात. चष्मा नसतानाही दिसावेत म्हणून काहींनी ते पुन्हापुन्हा गिरवून जाड केलेले असतात. हे पाकीट हरवले, तर ते ज्याच्या हाती लागेल त्याला आणखी काहीही शोधावे लागत नाही. ज्यांनी आकडे लिहिलेले नसतात, त्यांतील अनेकांचा पिन म्हणजे जन्मसाल असते, आणि त्याच पर्समधील आधार कार्डावर ते छापलेले असते. तरुण मुले एमएच ०९ नंतरचे आपल्या मोटारसायकलचे चार आकडे पिन म्हणून ठेवतात आणि तीच गाडी एटीएमसमोर लावून आत जातात. चार आकड्यांचे दहा हजार पिन तयार होऊ शकतात, परंतु जन्मसाल किंवा गाडीचा नंबर घेतला की त्या दहा हजारांचा काहीच उपयोग उरत नाही.

पिन कशासाठी असतो, हे सभासदांना समजावताना मी एवढेच सांगतो की बँकेचे यंत्र माणसाला ओळखत नाही, ते कार्ड आणि पिन ओळखते. दोन्ही बरोबर असले की तो व्यवहार खातेदारानेच केला असे बँक मानते. पिन आपण दाबतो त्या क्षणीच कीपॅडमध्ये तो सांकेतिक रूपात बदलला जातो. बँकेच्या शाखेतील कोणत्याही कर्मचाऱ्याला तो दिसत नाही आणि कोणालाही तो विचारण्याचे कारण नसते. त्यामुळे ‘बँकेतून बोलतोय, पिन सांगा’ असे म्हणणारा माणूस बँकेचा असूच शकत नाही.

बँकेत काम केलेल्या किंवा कायद्याची माहिती असलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे, की घरच्याच माणसाने पिन वापरून पैसे काढले, तर खातेदाराला दाद मागता येते का?

निवृत्त_रोखपाल (शाहूपुरी)

सचिवसाहेब, प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर अनेकांना धक्का देणारे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कोणी सोसायचे, हे त्यात ठरवून दिले आहे. आपल्याकडे सहकारी बँकांचे खातेदार मोठ्या संख्येने असल्याने हेही सांगतो की सहकारी बँकांसाठी तशाच आशयाचे परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. ‘आमची सहकारी बँक आहे, आम्हाला ते लागू नाही’ असे कोणी सांगितले, तर ते मान्य करू नये.

चूक बँकेची असेल, तर खातेदारावर कोणतीही जबाबदारी येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, मधल्या यंत्रणेत कोठेतरी गडबड झाली आहे, अशा प्रकरणात व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांच्या आत बँकेला कळवले तर संपूर्ण रक्कम परत मिळते. हे दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरायचा नसतो आणि आपल्या मूळ शाखेचे कामाचे दिवस मोजायचे असतात. चार ते सात दिवसांत कळवले तर खातेदाराला मर्यादित नुकसान सोसावे लागते. साध्या बचत खात्यासाठी ही मर्यादा १०,००० रुपये, किमान शिल्लक ठेवावी न लागणाऱ्या मूलभूत बचत ठेव खात्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या चालू खात्यासाठी २५,००० रुपये आहे. प्रत्यक्ष व्यवहार त्याहून कमी रकमेचा असेल तर तेवढीच रक्कम धरली जाते. सात दिवस उलटून गेले की बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणाप्रमाणे निर्णय होतो, म्हणजे आपण त्यांच्या मर्जीवर येतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. खातेदाराने स्वतःच पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर त्याला परिपत्रकात खातेदाराचा निष्काळजीपणा मानले आहे, आणि बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान खातेदाराचेच असते. पिन पुतण्याला दिला की अनोळखी माणसाला, हा फरक नियम करत नाही. मात्र याच वाक्याची दुसरी बाजू फारशी कोणाला ठाऊक नसते. बँकेला कळवल्याच्या क्षणापासून पुढे जे नुकसान होईल, ते बँकेचे असते. म्हणून आपलीच चूक झाली आहे असे वाटत असले तरीही लाजेपोटी गप्प बसू नये. पहिल्या दहा हजारांवर पाणी सोडावे लागले तरी उरलेले ऐंशी हजार त्या एका फोनने वाचतात.

पिन घरच्याला दिल्याचा परिणाम काय होतो, याचे बंगळूरचे एक प्रकरण प्रसिद्ध आहे. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका खातेदार महिलेने पतीला कार्ड आणि पिन देऊन २५,००० रुपये काढायला पाठवले. यंत्रातून पावती आली, रोकड आली नाही, आणि खात्यातून मात्र रक्कम वजा झाली. प्रकरण ग्राहक मंचापर्यंत गेले आणि २०१८ मध्ये मंचाने तक्रार फेटाळली, कारण कार्ड हस्तांतरणीय नाही आणि पिन दुसऱ्याला, अगदी पतीलाही, देता येत नाही, ही कार्डाची अट मोडली गेली होती. तेथे कोणतीही फसवणूक झालेली नव्हती, नवरा-बायकोत कोणताही वाद नव्हता, तरीही पैसे गेले.

राजारामपुरीकर

रोखपाल काका, आपण दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु मला येथे एक अडचण मांडायची आहे. माझे वडील ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांचे हात थरथरतात आणि कीपॅडवरचे आकडे त्यांना दाबता येत नाहीत. पेन्शन त्यांच्या खात्यात येते. औषधे आणायची, विजेचे बिल भरायचे, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावे लागले तर तेथे आगाऊ रक्कम भरायची, हे सगळे मी करतो. पिन कोणालाही सांगू नका असे फलकांवर लिहिणे सोपे असते, परंतु ज्यांच्या घरात वृद्ध माणसे आहेत त्यांनी काय करावे, हे त्या फलकांवर कोठेच लिहिलेले नसते. घरातल्या माणसावर विश्वास ठेवायचाच नाही, असा नियम असेल तर तो पाळला जाणार नाही. लोक तो गुपचूप मोडतील आणि नुकसान झाल्यावर खोटे बोलतील.

निवृत्त_रोखपाल (शाहूपुरी)

आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. विश्वास ठेवू नये असे मी म्हणत नाही. विश्वासाच्या माणसाला रीतसर अधिकार द्यावा, आपला पिन देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठीचे मार्ग बँकेतच उपलब्ध असतात, मात्र खिडकीवर कोणी आपण होऊन ते सांगत नाही, हेही तितकेच खरे आहे.

पहिला आणि माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग संयुक्त खात्याचा आहे. वडिलांच्या पेन्शन खात्यात मुलाचे नाव जोडता येते का हे शाखेत विचारावे, आणि येत असेल तर ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला’ या अटीवर आपले नाव जोडून घ्यावे. अशा खात्यावर दोघांनाही स्वतंत्र कार्ड आणि स्वतंत्र पिन मिळतो. आपण काढलेले पैसे आपल्या कार्डावर दिसतात, वडिलांचे त्यांच्या कार्डावर, आणि उद्या भावंडांपैकी कोणी विचारले तर हिशोब स्वच्छ राहतो. कोल्हापुरात मी इतकी वर्षे खिडकीवर बसलो, आणि भावाभावांतील किती भांडणांचे मूळ ‘आईचे कार्ड कोणाकडे होते’ या एका प्रश्नात असते, हे मी जवळून पाहिले आहे.

ज्यांना नाव जोडायचे नाही, त्यांनी खर्चासाठी वेगळे लहान खाते उघडावे. पेन्शन किंवा उसाचे बिल मूळ खात्यात राहू द्यावे, त्या खात्याचे कार्ड घेऊच नये किंवा कपाटात ठेवावे, आणि महिन्याच्या गरजेएवढीच रक्कम लहान खात्यात वळती करावी. घात झाला तरी तो तेवढ्या रकमेपुरता राहतो.

स्मार्टफोन वापरणाऱ्या घरांसाठी ‘यूपीआय सर्कल’ ही सोय २०२४ पासून उपलब्ध आहे. तिच्यात खातेदार आपल्या विश्वासातल्या माणसाला मर्यादित रकमेपर्यंत पैसे भरण्याचा अधिकार देतो. पूर्ण अधिकार दिला तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये आणि एका व्यवहारात ५,००० रुपये अशी मर्यादा असते. मुलगा आपल्या फोनवरून पैसे भरतो, त्याला वडिलांचा यूपीआय पिन कळत नाही, प्रत्येक व्यवहार वडिलांना दिसतो आणि हा अधिकार केव्हाही काढून घेता येतो. औषधाच्या दुकानासाठी आणि विजेच्या बिलासाठी ही सोय पुरेशी आहे.

राजारामपुरीकर

संयुक्त खात्यावर दोन स्वतंत्र कार्डे मिळतात, हे मला कोणीही सांगितले नव्हते. या आठवड्यातच शाखेत जाऊन अर्ज देतो. मनापासून आभार, काका.

कागलची_लेक

या विषयावर लिहिणे मला आवश्यक वाटले, कारण माझ्या आईच्या बाबतीत जे घडले त्यात कोणीही पिन विचारला नव्हता.

आई बाजारच्या दिवशी एटीएममध्ये गेली होती. कार्ड आत घातले, पण यंत्राने ते घेतले नाही. मागे उभ्या असलेल्या तरुणाने अगदी आदबीने सांगितले, “मावशी, उलटं घातलंय तुम्ही. द्या, मी घालून देतो.” त्याने कार्ड घेतले, घातले, आणि “आता तुमचा नंबर दाबा, मी बघत नाही” असे म्हणून मान वळवली. आईने आकडे दाबले. तो बघत नव्हता, परंतु दाराशी उभा असलेला त्याचा साथीदार बघत होता. यंत्राने पिन चुकीचा असल्याचे दाखवले, कारण आत घातलेले कार्ड आईचे नव्हतेच. त्याने ते बाहेर काढून आईच्या हातात ठेवले आणि “यंत्र बिघडलंय, दुसरीकडे बघा” असे सांगितले. त्याच बँकेचे, त्याच रंगाचे, दुसऱ्या कोणाच्या तरी नावाचे कार्ड घेऊन आई घरी आली. कार्डावरचे नाव वाचण्याची तिला कधी गरजच पडली नव्हती.

पुढचा भाग अधिक त्रासदायक आहे. खात्यातून पैसे निघाल्याचे एसएमएस आईला आलेच नाहीत, कारण खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक माझ्या भावाच्या जुन्या, बंद झालेल्या सिमचा होता. पासबुक भरायला शाखेत गेलो तेव्हा सगळा प्रकार समजला. बँकेचे म्हणणे असे, की पिन बरोबर होता, म्हणजे तो आपणच दिला असणार. आम्ही लेखी तक्रार दिली, एटीएममधील कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपून ठेवावे अशी स्वतंत्र मागणी केली, पोलिसांकडेही तक्रार दिली. प्रकरण आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आहे.

माझी सर्वांना विनंती आहे की आज घरी गेल्यावर आईवडिलांच्या कार्डावरचे नाव त्यांना वाचून दाखवा आणि कार्डावर एखादी खूण करून द्या. आईच्या नव्या कार्डाच्या कोपऱ्यावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का, तो कोणाच्या हातात आहे, हे शाखेत जाऊन तपासा.

निवृत्त_रोखपाल (शाहूपुरी)

ताई, वाचून फार वाईट वाटले. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती लोकपालांपुढे जरूर मांडावी. खातेदाराची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. ‘पिन बरोबर होता’ एवढे म्हणून बँकेला मोकळे होता येऊ नये, आणि अदलाबदल केलेले कार्ड आपल्याकडे आहे, हा फार मोठा पुरावा आहे. ते कार्ड कोणाकडेही सोपवताना त्याची लेखी पोच घ्यावी. ज्याच्या नावाचे ते कार्ड आहे, तोही बहुधा असाच फसलेला असेल.

स्टेट बँकेने १ जानेवारी २०२० पासून रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत आपल्या एटीएममधून १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम काढताना ओटीपी आवश्यक केला आणि त्याच वर्षी १८ सप्टेंबरपासून ती पद्धत चोवीस तास लागू केली. कार्डांची अशी अदलाबदल झाली तरी मोबाइल खातेदाराच्या हाती असेल, तर मोठी रक्कम अडते. अर्थात मोबाइल क्रमांक चालू असला तरच याचा उपयोग होतो, आणि आपण लिहिले आहे ते म्हणूनच फार महत्त्वाचे आहे.

संगणक_विद्यार्थी (विद्यापीठ परिसर)

ओळखीच्या माणसांचा मुद्दा मान्य करूनही यंत्राच्या बाजूने थोडे लिहितो, कारण सगळा दोष खातेदारावर जाऊ नये असे मला वाटते.

जुन्या कार्डांवर फक्त काळी चुंबकीय पट्टी असे. त्या पट्टीवरची माहिती कार्ड घालण्याच्या खाचेवर बसवलेल्या नकली उपकरणाने वाचता येते आणि कोऱ्या कार्डावर उतरवता येते. पिनसाठी वर छोटा कॅमेरा लावलेला असतो. चिपचे तसे नाही. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक मजकूर तयार करते, त्यामुळे एकदा चोरलेली माहिती पुन्हा वापरता येत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरपर्यंत सर्व कार्डे चिपची करण्यास सांगितले होते. खाच हलवून पाहणे आणि पिन दाबताना दुसऱ्या हाताचा तळवा कीपॅडवर धरणे, या दोन सवयी तरीही ठेवाव्यात. तळव्याची सवय तर कॅमेरा आणि मागे उभा असलेला माणूस अशा दोघांनाही अडवते.

खातेदाराची काहीही चूक नसताना काय होऊ शकते, हे आपल्या भागाने २०१८ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेवर हल्ला करून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लुटली गेली. बनावट कार्डे वापरून अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले आणि कोल्हापुरातील एटीएममधूनही रक्कम निघाली. हल्लेखोरांनी बँकेची मंजुरी देणारी यंत्रणाच नकली यंत्रणेने बदलली होती, त्यामुळे तेथे कोणाचा पिन जपलेला होता की नव्हता याला अर्थच नव्हता. नुकसान बँकेचे झाले, ठेवीदारांच्या खात्यातले नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. त्याआधी २०१६ मध्येही एका सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेतील घुसखोरीमुळे देशभरातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली होती. अशा वेळी तीन दिवसांत कळवण्याचा नियम खातेदाराला पूर्ण संरक्षण देतो.

आणखी एक गोष्ट लिहितो, जिच्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. पिनशिवायही कार्ड चालते. वायफायसारखी खूण असलेले कार्ड दुकानातल्या यंत्राला नुसते टेकवून पिनशिवाय पैसे देता येतात, आणि १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा २,००० वरून ५,००० रुपये झाली आहे. परदेशी संकेतस्थळांवर तर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरच, ओटीपी न मागताही, खरेदी होऊ शकते. म्हणजे पिन कितीही जपला तरी ही दोन दारे उघडी राहतात. ती बंद करण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशामुळे प्रत्येक बँकेला द्यावी लागते. ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून करायचे व्यवहार बँकेच्या ॲपमधून स्वतंत्रपणे चालू किंवा बंद करता येतात आणि एटीएमची दिवसाची मर्यादाही कमी करता येते. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार कायम बंद असतात, आणि ऑनलाइन व्यवहार मी खरेदीच्या वेळेपुरते चालू करतो. ज्यांना ॲप वापरता येत नाही, त्यांनी शाखेत किंवा बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर सांगून हे करून घ्यावे.

व्हॉट्सॲपवर फिरणारे दोन संदेश खोटे आहेत, तेही येथे नोंदवतो. कार्ड घालण्यापूर्वी ‘कॅन्सल’ बटण दोनदा दाबले की पिन चोरीला जात नाही, हे खरे नाही. पिन उलटा दाबला की पोलिसांना सूचना जाते, हेही खरे नाही. या दोन्हींवर विसंबणारा माणूस तळव्याने कीपॅड झाकायचे मात्र विसरतो.

कापड_व्यापारी (गांधीनगर)

व्यापाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहितो. गर्दीच्या दिवसांत दुकानातला कामगार ग्राहकाला “पिन सांगा” असे सर्रास मोठ्याने विचारतो आणि ग्राहकही चार माणसांसमोर सांगून मोकळा होतो. पेट्रोल पंपावर गाडीच्या खिडकीतून हेच चालते. आमच्या दुकानात मी नियम केला आहे की यंत्र ग्राहकाच्या हातात द्यायचे, कामगाराने पाठ वळवायची, आणि कार्ड ग्राहकाच्या नजरेआड न्यायचे नाही. यंत्राची वायर पोहोचत नसेल तर ग्राहकाला गल्ल्यापाशी बोलवायचे. यात वेळ जातो हे खरे आहे, परंतु उद्या त्या ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले तर पहिला संशय आमच्या कामगारावर येतो, हे व्यापारी बांधवांनी लक्षात घ्यावे.

गडहिंग्लज_शिक्षिका

एक प्रश्न संकोचाने विचारते. आमच्या नात्यातील एका गृहस्थांचे निधन झाले. त्यांचे कार्ड आणि पिन मुलाकडे आहे, आणि दिवसकार्याचा खर्च त्यातूनच चालला आहे. खाते वडिलांचे, मुलगा वारस, मग यात काही चुकीचे आहे का?

निवृत्त_रोखपाल (शाहूपुरी)

ताई, संकोच करू नका, असे घराघरांत घडते. परंतु ते चुकीचे आहे. खातेदाराच्या निधनानंतर त्याचे कार्ड वापरण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही, मुलालाही नाही. इतर वारसांपैकी कोणी हरकत घेतली तर त्या मुलावर फौजदारी तक्रारही होऊ शकते. मृत्यूचा दाखला घेऊन शाखेला कळवावे आणि कार्ड बंद करून घ्यावे. खात्याला नामनिर्देशन असेल तर बँकेने वारस दाखल्याचा आग्रह धरू नये आणि कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. खात्याला नामनिर्देशन आहे की नाही, हे सर्वांनी हयातीतच पासबुकावर पाहून ठेवावे.

दूधसंस्था_सचिव (करवीर तालुका)

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल आभार. लाडकी बहीण योजनेची रक्कम जमा झाली की आमच्या महिला सभासदांना ‘बँकेतून’ फोन येतात, पैसे अडकले आहेत, सोडवण्यासाठी पिन टाका, असे सांगितले जाते. त्यांच्यासाठी मी कार्यालयाच्या भिंतीवर एक सूचना लावतो आहे की खात्यात पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे काढण्यासाठी किंवा देण्यासाठी लागतो. एखाद्या सभासदाने फसवणूक झाल्यावर अगदी पहिल्यांदा काय करावे आणि अर्जात काय लिहावे, हेही त्या सूचनेत असावे असे वाटते. काकांनी कृपया मजकूर सांगावा.

निवृत्त_रोखपाल (शाहूपुरी)

सूचनेत ही गोष्ट सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत लिहावी : प्रथम कार्ड बंद करा. त्यासाठीचा क्रमांक कार्डाच्या मागे असतो, परंतु कार्डच गेले असेल तर तो मिळत नाही, म्हणून तो आजच वहीत लिहून ठेवायला सांगावे. इंटरनेटवर बँकेचा क्रमांक शोधू नये, कारण तेथे फसवणूक करणाऱ्यांनीच आपले क्रमांक बँकेच्या नावाने टाकलेले असतात. एटीएमच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरील क्रमांकाचेही तेच. संकेतस्थळच पाहायचे असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का ते पाहावे. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर यावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता.

त्यानंतर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची मदतवाहिनी आहे. तेथे नोंद झाली की रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेला सूचना जाते आणि पैसे पुढे गेले नसतील तर ते तेथेच गोठवले जातात. चोर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवतो, म्हणून घरच्यांशी सल्लामसलत नंतर करावी, फोन आधी करावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि एसएमएसमधील व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. फोन लागत नसेल तर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

शाखेत द्यायच्या अर्जात पुढील मजकूर पुरेसा आहे : “माझ्या अमुक क्रमांकाच्या बचत खात्यातून अमुक दिनांकास अमुक वाजता अमुक रुपये माझ्या संमतीशिवाय काढले गेले आहेत. मला याची माहिती अमुक दिनांकास मिळाली. मी अमुक वाजता कार्ड बंद केले असून त्याचा तक्रार क्रमांक अमुक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक संरक्षणविषयक परिपत्रकानुसार दहा कामकाजी दिवसांत ही रक्कम माझ्या खात्यात तात्पुरती जमा करावी, नव्वद दिवसांत तक्रारीचा निर्णय द्यावा आणि संबंधित एटीएमचे चित्रीकरण जपून ठेवावे.” दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि वेळ घ्यावी. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने पाठवावा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेतील खात्याला मात्र हे लागू नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. तेथील तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करावी लागते. आपल्या सभासदांपैकी अनेकांची खाती पतसंस्थांत आहेत, म्हणून हे वाक्य सूचनेतून वगळू नये.

दूधसंस्था_सचिव (करवीर तालुका)

मजकूर उतरवून घेतला आहे. अर्जाचे कोरे नमुने छापून संस्थेत ठेवतो आणि पुढच्या बिलाच्या पावतीबरोबर प्रत्येक सभासदाला एकेक देतो. कागलच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे मोबाइल क्रमांकांची तपासणीही त्याच वेळी करून घेऊ. ज्यांचे क्रमांक बंद आहेत त्यांची यादी करून मी स्वतः शाखेत घेऊन जाईन.